मुलांचा न्यूमोनिया आणि श्वास मोजणारी माणसे



कामगारांच्या सभांतून बोलणाऱ्याने मुलांच्या छातीच्या रोगावर काय बोलावे, असे कुणाच्या मनात आले तर ते साहजिकच आहे. आम्ही वैद्य नव्हेत. परंतु डॉ. अभय बंग यांचे नाव आम्हां मंडळींना प्रथम कळले ते औषधामुळे नव्हे, मजुरीमुळे. रोजगार हमीवरील मजुराच्या आहाराचा जो हिशेब सरकारी समितीने मांडला होता, त्यातील चुका त्यांनी दाखवून दिल्या होत्या. तेव्हा या माणसाने पुढे न्यूमोनियाचे काय केले, हे पाहण्याची जिज्ञासा आम्हांस होतीच.

आपल्याकडे या रोगास डबा म्हणतात. लेकराचे पोट उडू लागले की कुणी बिब्ब्याचे चटके देतो, कुणी डाग देतो. ऊसतोडीस गेलेल्या बिऱ्हाडाचे तर विचारूच नका. मूल कोपीत, चुलीच्या धुरात, पौष-माघाच्या थंडीत. फडावरून दवाखाना गाठायचा म्हणजे दिवसाची मजुरी बुडते आणि वर मुकादमाची बोलणी. मग आई संध्याकाळपर्यंत वाट पाहते, आणि या रोगात संध्याकाळ फार दूर असते.

न्यूमोनियात फुप्फुसात पाणी-पू साठून ती ताठर होतात. तूट भरून काढण्यासाठी मूल भराभर श्वास घेऊ लागते. तेव्हा श्वास मोजूनच रोग ताडता येईल, क्ष-किरणांवाचून अडणार नाही, हे 1980 नंतरच्या काही वर्षांत पापुआ न्यू गिनीत फ्रँक शॅन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. आज मिनिटाला 60 वा अधिक श्वास हे दोन महिन्यांच्या आतील बाळास धोक्याचे मानतात. वर्षाच्या आत 50, पुढे पाच वर्षांपर्यंत 40.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 1986 साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था काढली. तेथील 58 गावांत त्यांनी न्यूमोनियाचे काम आरोग्यसेवक आणि सुइणी यांच्या हाती दिले. 44 गावे तुलनेसाठी ठेवली. सुईण मोठी अनुभवी, पण साठपर्यंत मोजणार कशी? त्यासाठी मण्यांची एक चौकट केली, सोबत मिनिटाची वाळूघडी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी तांबडा मणी सरकला, तर न्यूमोनिया. अक्षरशत्रू म्हणून जिला हिणवीत, तिच्या बोटांना हे सहज जमले!

औषध को-ट्रायमोक्झाझोल, अगदी स्वस्त. 612 रुग्णांपैकी शेकडा 0.8 दगावले, तुलनेच्या गावांत हेच प्रमाण शेकडा 13.5 होते. वर्षभरानंतर न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू हजारी 8.1, तर तिकडे 17.5. हा अहवाल 1990 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. आज अमॉक्सिसिलिन देतात. मूल पीतच नसेल वा निपचित पडले असेल तर प्राणवायूची सोय असलेले रुग्णालय गाठलेच पाहिजे.

परंतु औषध पिशवीत असणे निराळे आणि उपचार नीट होणे निराळे. श्वास पुरे मिनिटभर मोजायचा, अंगावरचा सदरा वर करून, मूल शांत असताना. रडत असेल, पीत असेल तर थांबायचे. घाईत अर्धे मिनिट मोजून दुप्पट केले की आकडा चुकतो. मग साध्या सर्दीला औषध मिळते आणि खऱ्या रुग्णाला धीर दिला जातो.

हे मिनिट द्यायचे कुणी? गडचिरोलीत पारखलेली नवजात बाळांच्या घरभेटींची पद्धत 2011 साली देशभर आशाताईंकडे आली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळामागे सहा भेटी, सर्व मिळून 250 रुपये. एका भेटीचे बेचाळीसही भरत नाहीत! त्यास मोबदला म्हणायचे, वेतन नव्हे. नोंदवह्या भरता भरता जिचा दिवस सरतो, तिने प्रत्येक दारी निवांत बसावे अशी अपेक्षा करणाऱ्यांनी तिच्या वेळेची किंमतही सांगावी. सेवेचा दर्जा आणि सेविकेची मजुरी हे दोन विषय आहेत, असे आम्हांस कधी वाटले नाही.

थंडी पडण्याआधी आपापल्या गल्लीतल्या आशाताईंना तीन प्रश्न विचारा: घड्याळ आहे का, औषध आहे का, आणि मागचे पैसे हाती पडले का. तिन्ही एकाच बैठकीत विचारा. आणि उत्तर नाही असे आले, तर ते तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवा.