हवेवरची गाडी आणि बातमीतून गळलेले आकडे

(स्टुटगार्ट येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



इथे बसलेल्यांपैकी निम्मे लोक गाड्यांच्या धंद्यात आहेत. म्हणून तिकडे अशी बातमी आली की फोन आपल्यालाच येतो. "अरे, पाण्यावर चालणारी मोटार निघाली म्हणे!" आपण दुवा उघडतो. पाच ओळी, एक फोटो आणि 'क्रांतिकारी' हा शब्द दोनदा. वजन किती, ऊर्जा किती, मोजली कोणी, याचा पत्ता नाही. चीड येते ती शोधाची नव्हे, या पोकळीची.

उदाहरण घरचेच घेऊ. २००७ साली टाटा मोटर्सने फ्रेंच अभियंते गी नेग्र यांच्या एमडीआय कंपनीशी करार केला. विषय होता दाबलेल्या हवेवर चालणारे इंजिन. बातम्या झळकल्या: धूर नाही, पेट्रोल नाही, एकदा हवा भरली की दोनशे किलोमीटर. टाकी केवढी, हे क्वचितच कोणी लिहिले. धरून चाला की टाकी ३०० लिटरची आणि दाब वातावरणाच्या ३०० पट. अकरावीच्या भौतिकशास्त्राने हिशेब केला, तर अगदी आदर्श परिस्थितीत हाती येतात सुमारे १२ युनिट. एक लिटर पेट्रोल जाळले तर साधारण ९ युनिट उष्णता निघते. पेट्रोल इंजिन त्यातले जेमतेम पाव वापरते हे खरे, पण हवेचे इंजिनही १२ च्या १२ देत नाही. हवा प्रसरण पावताना गार होते आणि जोर घटतो. छोट्या विजेच्या गाडीला शंभर किलोमीटरला १२ ते १५ युनिट लागतात, हे लक्षात घेतले की दोनशेचा आकडा कसा वाटतो ते तुम्हीच ठरवा. शिवाय हवा दाबायला वीज लागते, आणि ती आपल्याकडे बहुतांशी कोळशाची. धूर नाहीसा झाला नाही, चंद्रपूरला गेला!

२०१२ साली टाटांनी पहिला टप्पा पूर्ण झाल्याचे, दोन वाहनांवर तत्त्व तपासल्याचे जाहीर केले. पुन्हा मथळे. ती गाडी बाजारात आली नाही. प्रयोग फसणे हा काही गुन्हा नव्हे, आपण सगळे त्यावरच पोट भरतो. पण सुरुवातीला जेवढी जागा मिळाली, तेवढी या शेवटाला मिळालेली मी पाहिली नाही.

आता कोणी म्हणेल, ही तिकडची पत्रकारिता. मग आपल्या अंगणातले बघा. एप्रिल २०१८ मध्ये बॉशने सांगितले की त्यांच्या नव्या डिझेल तंत्राने नायट्रोजन ऑक्साइड किलोमीटरला १३ मिलिग्रॅमवर आले. रस्त्यावरील चाचणीची तेव्हाची मर्यादा होती १६८. आकडा जबरदस्त, आणि कंपनीने तपशीलही दिला होता: १३ ही नियमानुसार घेतलेल्या चाचणीतली सरासरी, शहरातल्या खडतर परिस्थितीत ४०. तंत्र नव्या इंजिनांसाठी, जुन्या गाडीला लावायचे नव्हे. कित्येक छोट्या बातम्यांतून नेमकी हीच दोन वाक्ये गळली. दोनच महिन्यांपूर्वी लाइपझिगच्या न्यायालयाने डिझेलबंदीची वाट मोकळी केली होती. जुनी डिझेल विकावी की ठेवावी, हा घरोघरी हजारो युरोंचा प्रश्न होता. मथळा वाचून गाडी ठेवणाऱ्याला १ जानेवारी २०१९ पासून, म्हणजे युरो-४ आणि त्याखालच्या गाड्यांना शहरात बंदी सुरू झाली तेव्हा, 'क्रांती'चा काय उपयोग?

आपण बुवाबाजीविरुद्ध बोलतो तेव्हा "पुरावा दाखवा" म्हणतो. तोच प्रश्न यंत्राबद्दल विचारायला आपण कचरतो, कारण नकारात्मक दिसू अशी भीती. माझी सूचना साधी आहे. अशी बातमी आली की नुसती पुढे ढकलू नका. ऊर्जा कुठून येते, कोणी मोजली आणि कुठल्या परिस्थितीत, एवढे संपादकांना मराठीत, चार ओळींत लिहून विचारा. हिशेब येणारे लोक या खोलीतच पंधरा-वीस आहेत. नावे चहाच्या वेळी माझ्याकडे द्यावीत.