प्लॅस्टिकमधून वीज कशी वाहते?

(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



विजेच्या तारेवर प्लॅस्टिकचे वेष्टण कशासाठी, असे विचारले तर पाचवीतले मूलही सांगेल, शॉक बसू नये म्हणून. आज मात्र मी वीज वाहून नेणाऱ्या प्लॅस्टिकची हकीकत सांगणार आहे.

१९६७ साली टोकियोत हिदेकी शिराकावा हे अ‍ॅसिटिलीन वायूपासून पॉलिअ‍ॅसिटिलीन बनवण्यावर संशोधन करीत होते. एका प्रयोगात चुकून उत्प्रेरक सुमारे हजारपट जास्त पडला आणि भुकटीऐवजी चकचकीत पापुद्रे तयार झाले. शिराकावांनी ते फेकून दिले नाहीत. असे का झाले याचा शोध घेतला. पुढे अमेरिकेत अ‍ॅलन मॅकडायर्मिड व अ‍ॅलन हीगर यांच्यासह त्यांनी या पापुद्र्याला आयोडीनची वाफ दिली. त्याची वाहकता सुमारे एक कोटी पटीने वाढली! १९७७ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि २००० साली तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आयोडीनने केले तरी काय? या प्लॅस्टिकचा रेणू म्हणजे कार्बनच्या अणूंची लांब साखळी. तिच्यात एक बंध एकेरी, पुढचा दुहेरी, अशी पाळी असते. दुहेरी बंधातले जादा इलेक्ट्रॉन काहीसे सैल असतात, पण गच्च भरलेल्या बाकावर बसलेल्या मुलांप्रमाणे त्यांना सरकायला जागा नसते. आयोडीन त्यातला एखादा इलेक्ट्रॉन काढून घेतो. एक मूल उठले की शेजारचे तिथे सरकते, त्याच्या जागी पुढचे; रिकामी जागा मात्र उलट दिशेने बाकाच्या टोकाकडे जाते. ही सरकणारी रिकामी जागा म्हणजेच धन विद्युतभार.

पण साखळी बाकासारखी ताठ नसते. नवारीच्या खाटेवर लहान मूल चालले की पायाखाली खळगा पडतो आणि तो त्याच्याबरोबर पुढे जातो. तसेच भाराच्या आसपास बंधांची लांबी बदलते आणि तो बदल भाराबरोबर सरकतो. या जोडीला पोलॅरॉन म्हणतात.

खरी अडचण पुढे आहे. कोणतीही साखळी या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड नसते. एक संपली की भाराला शेजारच्या साखळीवर उडी मारावी लागते, आणि त्या उडीला उष्णतेची मदत लागते. तांबे तापले की वीज अडखळते. अशा बहुतेक प्लॅस्टिकमध्ये ऊब मिळाली की ती अधिक सहज वाहते.

पालकहो, आता मॅकडायर्मिड यांच्याविषयी. न्यूझीलंडमधल्या गरीब घरात त्यांचा जन्म झाला. सोळाव्या वर्षी शाळा सोडून ते कॉलेजच्या रसायन विभागात नोकरीला लागले. काम होते फरशी झाडायचे आणि काचेची भांडी धुवायचे! पण त्याच कॉलेजात नोकरी सांभाळून ते शिकत राहिले.

आपल्यातही परिस्थितीमुळे मुलाला कामाला लावावे लागते, मुलीची शाळा थांबते. अशा वेळी शिक्षण संपले असे समजू नका. साखळी तुटते तिथे उडी मारता येते. फक्त थोडी ऊब लागते. ती घराने द्यावी, शिक्षकांनी द्यावी आणि संस्थेनेही द्यावी. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही प्रयोग चुकला म्हणून वही फाडू नका. का चुकला ते लिहून ठेवा.