अंगणापलीकडचे कर्तव्य



न्यूयॉर्क शहरात घरापुढील पदपथ सर्वांचा; त्यावरील बर्फ काढण्याचे दायित्व मात्र लगतच्या घरमालकाचे. सकाळी ७ ते सायंकाळी ५ या वेळेत हिमवृष्टी थांबली, तर ४ तासांत वाट मोकळी झाली पाहिजे, असा तेथील नियम. गोठून दगड झालेल्या बर्फावर वाळू किंवा भुसा पसरावा. काढलेला बर्फ रस्त्यावर लोटू नये.

शेजारच्या एकाकी वृद्धेला फावडे पेलत नसले, तरी नियम तिलाही तोच. कायदा येथे थांबतो. शेजारधर्म येथून सुरू होतो. सडासंमार्जनाचा संस्कार घेऊन तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी आपल्या दारासोबत तिचेही दार मोकळे करावे. परभूमीत हिंदू समाजाची ओळख अशाच आचरणातून घडते.