दगडाची साक्ष
(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



माहुली व माळशेजचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. त्याच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक आढळतात. ते शंख नव्हेत. प्राचीन समुद्रातील गोगलगाई पाहावयाच्या तर तमिळनाडूतील अरियालूरकडे वळावे लागते. तेथील शंखांचे वर्णन फर्डिनांड स्टोलिच्का यांनी १८६७-६८ मध्ये प्रसिद्ध केले.

उलट, नागपूरजवळ टाकळी येथे स्टीफन हिस्लॉप यांनी जमविलेल्या गोगलगाई गोड्या पाण्यातील ठरल्या, आणि त्यांचा थर लाव्हाच्या थरांमध्ये होता. म्हणजे दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तेथे तळी होती! शंख कोठे व कोणत्या थरात मिळाला याची नोंद होती, म्हणूनच हे कळले. नोंदीवाचून तो केवळ शोभेची वस्तू उरला असता.

यास्तव विद्यार्थ्याने दगड आणल्यास तो फेकावयास सांगू नये. गाव, जागा, तारीख व आणणाऱ्याचे नाव चिठ्ठीवर लिहून तो शाळेच्या कपाटात ठेवावा. ओळख पटत नसेल तर ‘ठाऊक नाही’ असेच लिहावे. अंदाजाने नाव देऊ नये. संग्रहालय मोठे असो वा शाळेतील एक फळी, दगडाची साक्ष खऱ्या नोंदीवरच उभी राहते. मुलांना ही सवय लागली, तर विज्ञानाचा पहिला धडा त्यांनी गिरविला असे मी समजेन.