राई देवाची, राखण गावाची



मंदिराचा जीर्णोद्धार निघाला की पहिला प्रश्न लाकडाचा, आणि मग नजर देवराईकडे वळते. देवाचेच झाड देवाला वाहिले, असे म्हणून सह्याद्रीत कितीतरी राया उजाड झाल्या. हा हिशेब फसवा आहे. राईत तुळयांखेरीज गावाचे पाणीही असते.

श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावाने हे ओळखले होते. १९७० च्या दशकात, हा जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जात असताना, तेथील काळकाईच्या राईवर तोडीची पाळी आली. राईतला ओहोळ हाच गावाचा आधार. गावकऱ्यांनी पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांना कळविले. वर्तक व माधव गाडगीळ तेथे गेले, वनखात्याशी बोलणे झाले, राई वाचली. पुढाकार खेडुतांचा होता, शास्त्रज्ञ मागाहून आले!

महाड तालुक्याला डोंगराची दुसरी बाजूही ठाऊक आहे. जुलै २००५ मध्ये जुई व दासगाव येथे, आणि २२ जुलै २०२१ रोजी तळीये येथे दरडी कोसळल्या. तळीयेत ८० हून अधिक माणसे गेली. पाऊस अतोनात होता; झाडांनी तो आवरला असता असे कोणी म्हणू नये. पण उतारावरची वरची माती मुळेच धरून ठेवतात, आणि ती मुळे दरवर्षी वणव्यात जळतात.

वणवा गावाची शीव ओळखत नाही. म्हणून शिवथरच्या वाड्यांनी होळीपूर्वी मिळून जाळरेषा काढावी, उन्हाळाभर पाळीने राखण करावी, आणि सभामंडपाचे वासे वखारीतून आणावेत.