लेबल नसलेली बाटली
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मी सॉफ्टवेअरवाली. तरी आज किरणोत्सर्गावर बोलणार आहे. आपल्या देऊळगाव राजावरून जालन्याकडे जाणारे भंगाराचे ट्रक हे त्याचे कारण.

लहानपणी लोखंडाचा तुकडा देऊन आपण गारेगार खायचो. त्या तुकड्याचे पुढे काय होते, हे आपण कधी विचारले नाही. भंगार भट्टीत वितळते आणि सळई होऊन आपल्याच स्लॅबमध्ये परत येते. पण त्यात एखादे जुने किरणोत्सर्गी उपकरण आले तर?

असे झाले आहे. २०१० साली दिल्ली विद्यापीठातले वर्षानुवर्षे पडून असलेले एक उपकरण लिलावात विकले गेले. मायापुरीच्या भंगार बाजारात ते कापले, आत कोबाल्ट-६० होते. एक कामगार दगावला. त्याआधी २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टची बटणे किरणोत्सर्गी निघाली. माग थेट आपल्या खोपोलीच्या एका फाउंड्रीपर्यंत आला. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानियात बंद दवाखान्यातले यंत्र भंगारात गेले. आतली निळी चमकणारी पूड लोकांनी कौतुकाने घरी नेली. चौघे गेले, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. घरे पाडावी लागली, अंगणातली माती खरवडून पुरावी लागली.

या द्रव्याचा किरणोत्सर्ग दिसत नाही, त्याला वास नाही. भट्टीत वितळवले तरी त्याचा किरणोत्सर्ग जात नाही, तो फक्त काळाने ओसरतो. आपल्या दहावीला तीस वर्षे झाली. त्या दिवशीच्या कोबाल्ट-६० पैकी आज शंभरातले दोनच भाग उरले असते, पण सीझियम-१३७ अजून निम्मे शिल्लक असते.

याच द्रव्यांनी कर्करोगावर उपचार होतात, लासलगावला कांदा टिकवला जातो. नोंद आणि राखणदार असेपर्यंत ती कामाची. बेवारस झाली की घातक.

आता माझी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एका पोलाद कारखान्याच्या वजनकाट्याचे सॉफ्टवेअर मी केले. फाटकावरचे किरणोत्सर्गमापक सारखे वाजायचे, गाड्या खोळंबायच्या. “मॅडम, हे गप्प करा ना,” व्यवस्थापक म्हणाले. मी पडद्यावर ‘दुर्लक्ष करा’ असे बटण दिले. तीन आठवड्यांनी नोंदी पाहिल्या. प्रत्येक इशाऱ्यावर तेच बटण दाबलेले! सुदैवाने काही घडले नव्हते, पण माझी झोप उडाली. बटण काढले. तपासणाऱ्याचे नाव आणि मापन लिहिल्याशिवाय फाटक उघडणार नाही, असे केले. ते गिऱ्हाईक पुढे तुटले. त्याचे दुःख नाही. ते बटण मी मुळात दिले, याचे आहे.

आपल्यातले काही जण भंगाराच्या, सळईच्या धंद्यात आहेत. त्यांना एवढेच सांगते: तीन पाकळ्यांच्या पंख्याचे चिन्ह किंवा आकाराच्या मानाने फारच जड, शिशाचे बंद भांडे दिसले तर कापू नका, फोडू नका. माणसे लांब करा, पोलिसांना कळवा. मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे हेच काम आहे.

प्रयोगशाळेत आपल्या विज्ञानाच्या बाई सांगायच्या, “लेबल नसलेल्या बाटलीला हात लावायचा नाही, आणि स्वतः भरलेल्या बाटलीला लेबल लावल्याशिवाय घरी जायचे नाही.” पहिले वाक्य माझ्या लक्षात होते. दुसरे कळायला तीस वर्षे लागली. बाई, आज तुम्ही समोर बसला आहात, म्हणून कबूल केले.