वंशावळ आणि हजेरीपट



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी संप, पगार किंवा कामगार कायदे यांवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय कळवला वंशावळीचा. युनियनच्या माणसाला पूर्वजांशी काय कर्तव्य, असे आपणांस वाटले असेल. गेल्या वर्षापर्यंत मलाही तसेच वाटत होते.

गेल्या वर्षी आमच्या आडनावाच्या मंडळींनी नाशकात दोन दिवसांचे कुलसंमेलन भरवले. आमंत्रण आले ते मी बाजूला ठेवले. आमचे घराणे ते काय! आजोबा साताऱ्याकडून मुंबईला आले आणि गिरणीत साचेखात्यात लागले. वडील त्याच खात्यात आधी बदली, मग कायम झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर ते घरीच बसले. यात कुलवृत्तांतात लिहिण्याजोगे काय आहे? पण पत्नी म्हणाली, "अहो, तुम्ही साऱ्या गिरणगावाची गाऱ्हाणी ऐकता. आपल्या घरची माणसे कोण होती तेही एकदा ऐका की." तेव्हा आम्ही दोघे पंचवटी एक्सप्रेसने निघालो. माझे आजवरचे प्रवास मोर्चांचे आणि मेळाव्यांचे, तिचे माहेरचे. दोघांनी मिळून असे निघणे विरळाच. गाडी कसारा घाट चढू लागली तेव्हा तिने विचारले, "त्या वंशावळीत मी कुठे असेन?" मी म्हटले, "माझ्या नावाशेजारी." ती म्हणाली, "आणि सासूबाई? आजेसासूबाई?" यावर मला उत्तर सुचले नाही.

संमेलनात भिंतीवर एक लांबलचक कागद लावला होता. वर मूळ पुरुष, खाली शाखा. मंडळींनी मोठे कष्ट घेतले होते, त्याबद्दल मला आदर आहे. परंतु तो कागद पाहताना माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. ज्या शाखेकडे पाटीलकी होती, ती दहा-अकरा पिढ्या मागे जात होती. जी शाखा जमीन गमावून मुंबईला आली, ती तीन पिढ्यांत संपत होती. असे का व्हावे? गरिबाला आजोबा-पणजोबा नसतात काय?

याचे कारण सरळ आहे. आपल्याकडे वंशावळी जपल्या गेल्या त्या बऱ्याच अंशी वतनाच्या भांडणापायी. वतनावर हक्क सांगायचा तर मूळ वतनदारापासून आपल्यापर्यंत धागा दाखवावा लागे. पुढे इंग्रजांनी १८५२ च्या कायद्याने इनामांची चौकशी चालवली, तेव्हा इनामदारांना पुन्हा दप्तरे उघडावी लागली. ज्याच्याकडे वतनही नाही आणि इनामही नाही, त्याच्या बापजाद्यांची नावे कोण कशाला लिहून ठेवील?

दुसऱ्या दिवशी आम्ही रामकुंडावर गेलो. तेथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या म्हणजे एक नवलच आहे. गाव आणि आडनाव सांगावे, की उपाध्याय बाड काढतात. कोणत्या सालात कोण आले, बरोबर कोण होते, मुलगे किती, हे त्यात लिहिलेले असते. जुनी पाने मोडीत आहेत. हरिद्वारलाही अशाच वह्या आहेत. अमेरिकेतल्या युटा येथील वंशावळ संस्थेने १९७७ पासून त्यांची सूक्ष्मचित्रे घेतली, इतके त्यांचे मोल आहे.

पण वहीत नाव येण्यासाठी आधी कुंडापर्यंत पोचावे लागते. प्रवासाचे पैसे हवेत, आणि पोचल्यावर तेथे उभे राहू दिले पाहिजे. त्याच नाशकात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. ज्यांना देवळाच्या दाराशी अडवले, त्यांच्या पिढ्यांची नोंद अशा वह्यांत शोधायला जाणे म्हणजे त्यांची थट्टाच होय.

संमेलनात आम्हाला एक छापील तक्ता भरायला दिला होता. वडील, आजोबा, पणजोबा, त्यांचे भाऊ, मुलगे असे रकाने होते. मी भराभर लिहिले. पत्नीने कागद हाती घेतला आणि विचारले, "आजींचे माहेरचे नाव काय?" मला सांगता येईना. मंडळी, ज्या माणसाला एका गिरणीच्या तीन पाळ्यांतल्या शेकडो कामगारांची नावे तिकीट नंबरासह तोंडपाठ होती, त्याला आपल्या आजीचे नाव, गाव माहीत नव्हते! ते पत्नीला ठाऊक होते. माझ्या आईने तिला तांदूळ निवडता निवडता केव्हातरी सांगितले होते. रकाना नव्हता, म्हणून तिने समासात लिहिले. अलीकडच्या चांगल्या कुलवृत्तांतांत सुनांची माहेरे आणि मुलींची सासरे देतात, हे मी मान्य करतो. आमच्या तक्त्यात ते नव्हते, आणि खरे सांगायचे तर माझ्या डोक्यातही नव्हते.

ही आजी काही चूल फुंकत बसलेली नव्हती. ती गिरणीत वाइंडिंग खात्यात नायकिणीच्या हाताखाली काम करत होती. १९२० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत साधारणपणे पाच कामगारांत एक बाई होती. पुढे हे प्रमाण घसरत गेले. आमच्या घराण्याच्या भिंतीवरच्या कागदात तिला जागा नव्हती, पण गिरणीच्या हजेरीपटावर मात्र तिचे नाव होते.

तेव्हापासून मी म्हणतो, की हजेरीपट हीच कामकऱ्याची वंशावळ. मॉरिशसकडे पाहा. १८३४ पासून जवळपास पाऊण शतक गिरमिटिये मजूर तेथे उसाच्या मळ्यांवर नेले गेले. पुष्कळ बिहारकडचे होते, तसे मुंबई बंदरातून गेलेले मराठीही होते. प्रत्येकाला नंबर दिला. नाव, बापाचे नाव, वय, गाव, जात, जहाज हे वहीत टिपले. बायकांच्या नोंदीही केल्या. मालकाने हे प्रेमाने केले नाही, पळालेला मजूर पकडता यावा म्हणून केले. पण आज त्यांचे पणतू-खापरपणतू त्याच वह्यांवरून आपले गाव शोधतात. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसा ठरला. याउलट अमेरिकेत १८५० आणि १८६० च्या शिरगणतीत गुलामांची वेगळी यादी केली, तीत वय, रंग आणि स्त्री की पुरुष असे तपशील लिहिले. नाव बहुधा लिहिलेच नाही. मालकाचे नाव तेवढे होते. ही माणसे नावानिशी सापडतात ती बहुतेक १८७० च्या शिरगणतीपासून. नाव न लिहिणे हाही अन्यायाचाच प्रकार आहे.

हा केवळ भावनेचा प्रश्न आहे असे समजू नका. गिरणी कामगारांना घरे देण्याची योजना झाली. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा नंतर जो पटावर होता, तो किंवा त्याचा वारस पात्र. आमच्या कचेरीत एक विधवा बाई आली. सासरे कामगार, ते वारले, नवराही वारला. हजेरीपटावर सासऱ्यांचे नाव एक, शिधापत्रिकेवर दुसरे. नाते सिद्ध होईना. सहा महिने ती खेटे घालत होती. शेवटी तिच्या गावच्या घरात, पत्र्याच्या पेटीत, भविष्यनिर्वाह निधीच्या नामनिर्देशनाच्या फॉर्मची प्रत मिळाली. सासऱ्यांच्या सहीखाली बायको, मुलगा, मुलगी यांची नावे, वये, नाते. १९५२ च्या कायद्याने आलेला तो साधा कागद, पण तीच तिच्या घराची वंशावळ ठरली. आणि त्यात बायकांची नावे होती!

आता मागणे सांगून थांबतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावात, वडिलांच्या नावाआधी, आईचे नाव लावण्याचा नियम महाराष्ट्रात झाला आहे. चांगले झाले. पण मागच्या पिढ्यांची नावे सरकार लिहिणार नाही. पगाराची चिठ्ठी, विम्याचे कार्ड, फंडाचा फॉर्म रद्दीत घालू नका. घरात एक वही करा आणि चार पिढ्या लिहा. बायकांची नावे माहेरच्या गावासह लिहा, आणि कोण काय काम करत होते तेही लिहा. हे सारे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारा, आणि आजच विचारा. मी माझ्या आईला विचारायला उशीर केला. ती गेली तेव्हा तिच्याजवळचे पुष्कळ तिच्याबरोबर गेले. जे उरले ते माझ्या पत्नीमुळे उरले.

माझ्या आजीचे नाव मी येथे सांगत नाही. ते आता आमच्या वहीत पहिल्या पानावर आहे. आपण घरी जाता जाता आपापल्या आजीचे माहेरचे नाव आठवून पाहा. आठवले तर उत्तम. न आठवले, तर आज रात्री जेवायला बसण्यापूर्वी घरात विचारा.